उलट्या किती, कधीपर्यंत आणि दवाखाना केव्हा: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गरोदरपणातल्या तपासण्यांविषयी लिहिलं होतं. पत्रं मात्र आली ती जवळजवळ सगळी उलट्यांची. बऱ्याच पत्रांत एक वाक्य आहे: 'पहिल्या खेपेला होतंच, सोसायचं.' होतं, हे खरं. दहातल्या सात-आठ जणींना होतं. पण सोसायचंच, याच्याशी आम्ही सहमत नाही. त्रास कमी करता येतो, औषधं आहेत, आणि घरी थांबू नये अशी एक रेषाही आहे. प्रश्न निवडताना हे तिन्ही विषय येतील असं पाहिलं आहे.

सातवा आठवडा चालू आहे. सकाळी काही वाटत नाही, पण दुपारी चारपासून झोपेपर्यंत उमासे येतात. सासूबाई म्हणतात, सकाळी होत नाही म्हणजे हे पित्त. नक्की काय आहे, आणि कधी थांबेल? (ऐरोली)

गरोदरपणाचीच मळमळ आहे. फक्त सकाळी त्रास होणाऱ्या बायका थोड्या. बहुतेकींना तो दिवसभर कमी-जास्त होत राहतो आणि संध्याकाळी थकव्याबरोबर वाढतो.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजा, म्हणजे पुढचा हिशेब जुळेल. मळमळ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकींची उतरते. काहींची सोळा-वीस आठवडे रेंगाळते. थोड्या जणींना शेवटपर्यंत पुरते, हेही सांगून ठेवलेलं बरं. तेव्हा अजून दोन-तीन आठवडे त्रास वाढला तर घाबरू नका, ती चढण ठरलेलीच आहे. याउलट, नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत काहीच नव्हतं आणि मग अचानक उलट्या सुरू झाल्या, तर गरोदरपणाकडे बोट दाखवण्याआधी दुसरं कारण शोधावं: लघवीचा संसर्ग, कावीळ, पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स.

कारणाबद्दल गेल्या काही वर्षांत बरंच स्पष्ट झालं आहे. एचसीजी या संप्रेरकाचं नाव पूर्वीपासून घेतलं जातं, कारण त्याची पातळी आणि मळमळ साधारण एकाच सुमारास शिखराला पोचतात. 2023च्या डिसेंबरात 'नेचर' नियतकालिकात आलेल्या संशोधनाने जीडीएफ-15 या दुसऱ्या संप्रेरकावर बोट ठेवलं. ते गर्भ आणि वारेतून आईच्या रक्तात येतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या, उलटीची भावना जागवणाऱ्या भागावर काम करतं. दिवस जाण्याआधी जिच्या रक्तात ते कमी असतं, तिच्या शरीराला त्याची सवय नसते, म्हणून वाढ जास्त बाधते. त्रास मनाचा नाही, नाटक तर नाहीच. घरात कोणाला हे सांगायची गरज पडली तर हा परिच्छेद दाखवा.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच चूक नाही. पोटातलं आम्ल वर आलं की मळमळ वाढते. छातीत जळजळ असेल तर डॉक्टरांना सांगा, चालणारी औषधं आहेत. खाण्याच्या सोड्याची फसफसणारी पावडर मात्र रोज घेऊ नका, तिच्यात सोडियम फार असतं.

घोडबंदर रस्त्यावरून महापेला नोकरीला जाते. सकाळी साडेसातची कंपनीची बस. उपाशी निघाले तर बसमध्ये उलटी होते, खाऊन निघाले तर स्टॉपवरच. दुपारी डबा उघडला की वासानेच नको होतं. काय, किती, केव्हा खावं ते नेमकं सांगा. नववा आठवडा, वजन 54 किलो. (कासारवडवली)

तुमची सकाळ आदल्या रात्री सुरू करावी लागेल. जेवण साडेआठला झालं असेल तर झोपताना पुन्हा थोडं खा: कपभर दूध, अर्धी वाटी दहीभात किंवा मूठभर फुटाणे. रात्रभर पोट रिकामं राहून सकाळी साखर उतरते आणि पहिला उमासा तिथून येतो. उशाशी एका डबीत तीन-चार मारी बिस्किटं, खाखरा किंवा मीठ लावलेल्या साळीच्या लाह्या ठेवा. गजर वीस मिनिटं आधीचा लावा. जाग आली की उठू नका. उशीला टेकून, न बोलता दोन बिस्किटं चावून खा. पंधरा मिनिटं तशाच पडून राहा, मग बसा, मग उभ्या राहा. गजर झाला की उडी मारून थेट बाथरूम गाठलं, तर त्या बिस्किटांचा उपयोग होत नाही.

दात लगेच घासू नका. फेस येणारी, तिखट पुदिन्याची पेस्ट अनेकींना चालत नाही. लहान मुलांचा छोटा ब्रश आणि सौम्य पेस्ट घ्या, आणि जिभेच्या मागच्या भागाला हात लावू नका.

चहा पहिला नको. बस साडेसातला असेल तर पावणेसातला कोरडं काहीतरी खा: एक इडली, अर्धी भाकरी किंवा मेतकूट-भाताचे चार घास. त्याबरोबर पाणी नको. इथेच बहुतेकींचं चुकतं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे जठर हळू रिकामं होतं. त्यावर पेलाभर पाणी ओतलं की ते ताणतं आणि सगळं बाहेर येतं. घन आणि पातळ यांत अर्धा तास ठेवा. पाणी घोट-घोट: दर पंधरा मिनिटांनी साधारण दोन मोठे चमचे, म्हणजे तीस मिली. जागेपणीच्या सोळा तासांत त्याचे दोन लिटरच्या जवळपास होतात, आणि पोटाला कळतही नाही. साधं पाणी नकोसं झालं तर गार करून प्या, त्यात लिंबाची चकती किंवा एक आमसूल टाका. नारळपाणी, पातळ ताक, कोकम सरबत, सगळं चालेल.

ऑफिसात दोन जेवणांची कल्पना तूर्त सोडून द्या. दर दीड-दोन तासांनी मूठभर. दहा वाजता राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाणे-गूळ, बाराला दहीभाताचे पाच-सहा घास, दोनला उकडलेला बटाटा मीठ-जिरं लावून किंवा उकडलेलं अंडं, चारला फुटाणे, साडेपाचला निघण्याआधी पुन्हा काही कोरडं. भूक लागल्यावर खायचं, हा नियम इथे उलटा आहे. भूक लागली म्हणजे उशीर झाला. प्रत्येक वेळी थोडं प्रथिन पोटात जाईल असं पाहा; नुसत्या बिस्किटांपेक्षा दाणे, फुटाणे, दही, अंडं यांनी मळमळ जास्त वेळ दबते. तळकट पदार्थ पोटात रेंगाळतात. वडापावची इच्छा झालीच तर अर्धा, घाण्यातून नुकता काढलेला, आणि चटणी न लावता.

डब्याचा वास ही मुख्यतः वाफेची तक्रार आहे. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेली भाजी दूरवर घमघमते. गार पदार्थाला वास कमी. कांदा-लसणाची फोडणी असलेलं काही काळ डब्यात नको. दहीभात बाराच्या पुढे ठेवायचा असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

बसमध्ये पुढची, खिडकीजवळची सीट घ्या. नजर समोरच्या रस्त्यावर ठेवा, मोबाइलवर नको. मानपाड्याच्या कोंडीत बस थांबत-थांबत चालते तेव्हा त्रास वाढतो तो याच कारणाने: कान सांगतो हललो, डोळे सांगतात थांबलो. पर्समध्ये दोन जाड पिशव्या (एकीत जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे), ओला रुमाल आणि नखाने टोचलेलं एक लिंबू असू द्या. वाटेत कारखान्यांचा रासायनिक वास आला की ते लिंबू कामी येतं. बस झेपेनाशी झाली तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पाहा. ती ठाण्यातूनच सुटते, एखादी गाडी सोडली तर बसायला मिळतं, आणि घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरून पुढे रिक्षा. दिव्यांगांच्या डब्यातून गर्भवतींना प्रवासाची मुभा आहे. पोट दिसत नसतं त्या महिन्यांत वाद होतात, म्हणून डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा.

उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नका. आम्लाने दातांचं आवरण मऊ झालेलं असतं, घासलं की झिजतं. पेलाभर पाण्यात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि ब्रशला तासभर थांबा.

बाळाला काही पोचत नाही, ही काळजी पत्रात ओळीओळीत दिसते. नवव्या आठवड्यात बाळ जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटरचं असतं. पहिल्या तीन महिन्यांत आईला जादा उष्मांकांची गरज जवळजवळ नसतेच. जे पोटात टिकतं ते खा, मग आठवडाभर नुसता मेतकूट-भात असला तरी. 'दोघांचं जेव' हा सल्ला सध्या कानाआड करा. एकच गोष्ट सोडायची नाही: फॉलिक ॲसिडची गोळी. सकाळी टिकत नसेल तर रात्री घ्या. लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर पहिल्या तिमाहीत ती थांबवावी का, हे डॉक्टरांना विचारा. सरकारी कार्यक्रमातही लोहाची गोळी (60 मिलिग्रॅम) चौथ्या महिन्यापासूनच सुरू करतात. हिमोग्लोबिन आधीच खूप कमी असेल तर गोष्ट वेगळी.

आमच्या घरात रोज मासळी. बायकोला तिसरा महिना, मासळी धुवायला घेतली तरी ती गॅलरीत पळते. आई म्हणते, मासळी सोडली तर बाळाला ताकद कुठून? घरात रोजचा वाद आहे. (चेंदणी कोळीवाडा)

मासळीतून मिळणारं प्रथिन डाळी, अंडी, दूध, दही यांतून मिळतं. महिना-दीड महिना मासे न खाल्ल्याने काही बिघडत नाही. चौथ्या महिन्यात बऱ्याच जणी आपणहून पुन्हा मागतात.

पण घर चालायचं तर मासळीही शिजणार. त्रास खाण्यापेक्षा साफ करताना जास्त होतो, म्हणून ते काम ती घरात नसताना किंवा बाहेर मोरीवर करा. मासळीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते आम्लाने बांधलं जातं. म्हणून धुतल्यावर आगळ किंवा लिंबू चोळून दहा मिनिटं ठेवायची आपली जुनी रीत इथे खरोखर उपयोगी आहे. सुरी, पाट आणि बेसिनही लिंबाच्या सालीने पुसा. खवले-आतड्यांची पिशवी गाठ मारून त्याच वेळी बाहेर टाका. ती संध्याकाळपर्यंत डब्यात राहिली तर बाकी सगळी मेहनत वाया. तळण्याऐवजी झाकण ठेवून कालवण करा, फोडणीच्या आधी पंखा लावा, नंतर नाही. सुके बोंबील आणि सोडे भाजणं मात्र तीन महिने बंदच ठेवा. त्या धुरावर कुठलाही पंखा पुरत नाही.

आणि स्वयंपाक तुम्ही करा. कुकरची पहिली शिट्टी आणि फोडणीचा तडतडाट यांपासून बायको लांब असली की निम्मा प्रश्न सुटतो. ही सूचना आईंना आवडणार नाही, याची कल्पना आहे.

डॉक्टरांनी डॉक्सिलामाइन-पायरिडॉक्सिनची गोळी दिली आहे. शेजारच्या ताई म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांत कुठलीच गोळी घेऊ नये, मुलात व्यंग येतं. मळमळ असह्य झाली की एखादी घेते, पण फरक पडत नाही. मेडिकलवाल्याने दुसरी, जिभेवर विरघळणारी दिली, तिने बरं वाटलं. ती चालू ठेवू का? (नेरूळ)

तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एकेक घेऊ.

व्यंगाची भीती कुठून आली ते आधी. 1957 साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. ते मळमळीवरही दिलं गेलं आणि हजारो मुलं हातापायांची वाढ न झालेली जन्मली. 1961च्या अखेरीस ते मागे घेतलं गेलं. तेव्हापासून 'गरोदरपणात उलटीची गोळी' म्हटलं की लोक दचकतात, आणि ते समजण्यासारखं आहे. तुमची गोळी ती नव्हे. डॉक्सिलामाइन हे ॲलर्जीवरच्या जुन्या औषधांच्या कुळातलं, आणि पायरिडॉक्सिन म्हणजे बी-6 जीवनसत्त्व. अमेरिकेत ही जोडी 1956पासून बेंडेक्टिन नावाने विकली जात होती. व्यंगाचे खटले भरले गेले, आणि खटल्यांच्या खर्चाला कंटाळून कंपनीने 1983 साली ती बंद केली. पुढे काय झालं ते महत्त्वाचं: जन्मजात व्यंगांचं प्रमाण कमी झालं नाही, उलट उलट्यांमुळे रुग्णालयात भरती होणाऱ्या गर्भवती वाढल्या. कोट्यवधी स्त्रियांचा अनुभव तपासून 2013 साली तिथल्या औषध प्रशासनाने हीच जोडी पुन्हा मंजूर केली. गरोदरपणात इतकी तपासली गेलेली औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

आता फरक का पडत नाही. ही गोळी त्रास झाल्यावर घ्यायची नाही. बहुतेक कंपन्यांच्या गोळीवर उशिरा विरघळणारं आवरण असतं. आतलं औषध कामाला लागायला कित्येक तास जातात. म्हणून रात्री झोपताना घेतात, तिचा जोर सकाळी लागतो. प्रत्येकी 10 मिलिग्रॅमच्या गोळीची नेहमीची पद्धत अशी: दोन दिवस रात्री दोन. दुपारनंतर त्रास राहत असेल तर तिसऱ्या दिवसापासून सकाळी एक वाढवतात, तरीही पुरेना तर दुपारी चारच्या सुमारास आणखी एक. दिवसाला चारच्या वर नाही. गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. तोडली किंवा चावली की आवरणाचा उपयोग गेला. बाजारात 20 मिलिग्रॅमचीही गोळी मिळते, तेव्हा तुमच्या पाकिटावरचा आकडा पाहून डॉक्टरांशी मेळ घाला. झोप येते, म्हणून पहिले काही दिवस स्कूटर नको. रोज घ्या, बरं वाटलं तरी घ्या, आणि बंद करताना एकेक कमी करा. एका झटक्यात सोडली की मळमळ उसळून येऊ शकते.

जिभेवर विरघळणारी गोळी बहुधा ऑन्डान्सेट्रॉन असेल. ती गुणकारी आहे, यात शंका नाही. पण पहिल्या तिमाहीत ती घेतल्यावर बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगण्याचं प्रमाण दहा हजारांत 11 वरून 14 होतं, असं मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे. वाढ अगदी लहान आहे, पण शून्य नाही. म्हणून पहिल्या जोडीने भागलं नाही तर दुसऱ्या फळीत, डॉक्टरांनी विचार करून द्यायचं ते औषध आहे. काउंटरवरून, चिठ्ठीशिवाय, आठव्या आठवड्यात घ्यायचं नव्हे. तिने बद्धकोष्ठही जबर होतो, आणि हृदयाच्या ठोक्यांचा काही आजार असेल तर ती धोक्याची. घेतलेल्या गोळ्यांमुळे रात्रीची झोप घालवू नका. पुढच्या घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

मेटोक्लोप्रामाइड हे तिसरं नाव चिठ्ठीत दिसतं. ते पाच दिवसांपेक्षा जास्त घेत नाहीत. घेतल्यावर मान वाकडी होणं, जबडा आवळणं किंवा डोळे वर फिरणं असं झालं तर ती त्याच औषधाची बाधा समजून लगेच दवाखाना गाठा.

आल्याने खरंच फरक पडतो का? आणि मनगटावरचा तो बिंदू? (पाचपाखाडी)

आल्याने मळमळ थोडी कमी होते, उलट्यांवर फार परिणाम नाही. दिवसाला सुंठ एक ग्रॅमपर्यंत, म्हणजे चिमूट-चिमूट चार वेळा. ओलं आलं साधारण पाच ग्रॅम. किसून लिंबू-सैंधव लावा आणि चोखा. आलेपाकही चालेल. काढा उकळून उकळून घट्ट करू नका, छातीत जळजळ होते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी विचारा. बिंदू मनगटाच्या घडीपासून आपल्याच तीन बोटांच्या अंतरावर, दोन ताठ शिरांच्या (कंडरांच्या) मध्ये असतो. दोन-तीन मिनिटं दाबायचा. पुरावा कच्चा आहे, पण पैसे पडत नाहीत.

उलट्या खूप म्हणजे मुलगी, असं खरं का? (दिवा)

नाही. पोटात मुलगा की मुलगी, हा पुढचा प्रश्नही पत्रात विचारला आहे, त्याचं उत्तर कायद्याने कुणीच देऊ शकत नाही.

मला मळमळच नाही. गर्भ नीट असेल ना? (खारघर)

दहात दोन-तीन जणींना नसते. सोनोग्राफीत ठोके दिसले असतील तर निश्चिंत राहा. आधी असलेली मळमळ दहाव्या आठवड्याच्या आत एकाएकी पूर्ण गेली आणि सोबत रक्तस्राव किंवा ओटीपोटात दुखणं असेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

बायकोला आठवा आठवडा. दिवसाला आठ-नऊ उलट्या, काल पाणीही टिकलं नाही. एकदा सलाइन लावून आणलं, दोन दिवस बरं होतं, पुन्हा तेच. भरती करावं का, हे घरी कसं ठरवायचं? (कळवा)

तुमच्या बाबतीत ठरवायचं राहिलं नाही: पाणी चोवीस तास टिकत नसेल तर आजच न्या. हे वाचेपर्यंत तुम्ही नेलं असेल, अशी आशा आहे. बाकीच्यांसाठी हिशेब असा.

डॉक्टर तीन प्रश्नांचा एक साधा तक्ता वापरतात, तो घरीही मांडता येतो. गेल्या चोवीस तासांत मळमळ किती वेळ होती: अजिबात नाही 1 गुण, तासभर 2, दोन-तीन तास 3, चार ते सहा तास 4, त्याहून जास्त 5. उलट्या किती: एकही नाही 1, एक-दोन 2, तीन-चार 3, पाच-सहा 4, सात किंवा जास्त 5. कोरडे उमासे किती वेळा: त्याच पद्धतीने. बेरीज सहापर्यंत असेल तर त्रास सौम्य, सात ते बारा मध्यम, तेरा ते पंधरा तीव्र. मध्यमला औषध सुरू व्हायलाच हवं. तीव्रला रुग्णालय.

बेरजेपेक्षाही पक्क्या खुणा म्हणजे लघवी आणि वजन. आठ तास लघवीच झाली नाही, किंवा झाली ती गडद आणि थोडी. उभं राहिलं की अंधारी. गरोदरपणापूर्वीच्या वजनातून शंभरात पाच घटलं, म्हणजे 50 किलोची बाई साडेसत्तेचाळीसवर आली. वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी, त्याच काट्यावर करा. उलटीत रक्त, ताप, पोटात सतत दुखणं, लघवीला जळजळ यांपैकी काही असेल तर गुण मोजत बसू नका.

तोपर्यंत घरी ओआरएस द्या, पण ते बनवताना होणारी चूक टाळा. एक लिटरचं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच घालायचं. ग्लासभर पाण्यात अर्धं टाकलं की ते इतकं दाट होतं की उलटी आणखी वाढते. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चोवीस तासांत संपवा, उरलेलं टाका. खोक्यातून मिळणारी गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

आता सलाइनबद्दल, कारण 'एक बाटली लावून आणली' हे वाक्य चार पत्रांत आहे. बाटलीत काय होतं ते विचारा. अशा रुग्णाला बहुधा साधं मिठाचं सलाइन लागतं, पोटॅशियम कमी असेल तर तेही घालून. नुसतं ग्लुकोज नको. दोन-तीन आठवडे काही टिकलेलं नसेल तर शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचा साठा संपत आलेला असतो. अशा वेळी आधी थायमिन न देता ग्लुकोज चढवलं, तर उरलासुरला साठाही खर्च होतो आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बरळणं ही तिची लक्षणं. 'थायमिन दिलं का?' हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरांना तो आवडतो.

भरती झाल्यावर रक्तातले क्षार, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि सोनोग्राफी पाहतात. सोनोग्राफी यासाठी की जुळी किंवा द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखी वाढ) असेल तर उलट्या जास्त होतात. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच हा आकडा कमी आला म्हणून लगेच थायरॉइडचं औषध सुरू करायची घाई नको. एचसीजीमुळे तो तात्पुरता खाली जातो आणि बहुतेक वेळा विसाव्या आठवड्यापर्यंत आपोआप सुधारतो. लघवीतल्या कीटोनचे (उपासमारीत चरबी जळून तयार होणाऱ्या द्रव्यांचे) 'प्लस' पाहून त्रास किती, हे ठरवू नये, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2024च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे. 'कीटोन नाहीत, घरी जा' असं कोणी म्हणालं तर वजन आणि लघवीचा हिशेब पुढे करा. पडून राहावं लागलं तर पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, त्यासाठी इंजेक्शन लागेल का, तेही विचारा.

घरी सोडताना गोळ्यांचं वेळापत्रक लिहून घ्या. दोन दिवस बरं आणि पुन्हा तेच, याचं नेहमीचं कारण हेच: सलाइनने पाणी भरून निघालं, पण उलटी थांबवणारं औषध नियमित सुरूच झालं नाही. कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. सरकारी रुग्णालयांत गर्भवतींना तपासण्या, औषधं आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. गाडीसाठी 102, तातडीला 108.

सातवा महिना. तीन महिने बरी होते, आता पुन्हा मळमळ, अन्नावरची वासना गेली. पावसाळ्यात होतं म्हणून दुर्लक्ष करावं का? (मुंब्रा)

करू नये. विसाव्या आठवड्यानंतर नव्याने सुरू झालेली उलटी ही पहिल्या तिमाहीची मळमळ नव्हेच. पहिली शंका वाढलेल्या रक्तदाबाची, तो आजच मोजून घ्या. सोबत डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे किंवा मधोमध दुखणं, चेहऱ्यावर सूज असेल तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

पावसाळ्यात दुसरी शंका काविळीची. लघवी चहासारखी, डोळे पिवळट, अंग मोडून येणं. पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ इतरांना बहुधा आपोआप बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांत जीवघेणी ठरू शकते. झाडपाला, नाकात औषध घालणं, दंडावर डाग, यांत एकही दिवस घालवू नका. पाणी उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या, आणि बाहेरचा बर्फ, उसाचा रस व पाणीपुरी बंद.

रजा शिल्लक नाही. उलट्यांसाठी मातृत्व रजेतली कापून घेतात का? (वाशी)

26 आठवड्यांच्या रजेला हात लावायची गरज नाही. गरोदरपणामुळे आलेल्या आजारासाठी कायद्यात वेगळी, जास्तीत जास्त एक महिन्याची पगारी रजा आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेलं असावं, आणि डॉक्टरांचा दाखला हवा. दाखल्यावर 'अशक्तपणा' असं मोघम लिहून घेऊ नका. 'गरोदरपणामुळे होणाऱ्या तीव्र उलट्या', किती आठवड्यांची गरोदर, कधीपासून कधीपर्यंत विश्रांती, एवढं स्पष्ट असू द्या. अर्ज ईमेलने करा आणि मनुष्यबळ विभागाकडून पोच घ्या.